बसल्यावर मंदावणारा आवाज

सरोवरावरून धुकं आत शिरलं होतं आणि डुलुथ शहराची टेकडी अर्धीच उरली होती. वरची घरं कोणी खोडरबराने पुसून टाकावीत तशी गेली होती. मार्लिस गाडी चालवत होती. तिची सून सिग्ने मागे, आपल्या तान्ह्या टिल्डाच्या खुर्चीला चिकटून बसली होती आणि झोपलेल्या पोरीच्या छातीवर दोन बोटं ठेवून होती.

"काढ गं तो हात," मार्लिस आरशातून म्हणाली. "पोरगी आहे, पियानो नाही."

"झोपलीय का बघतेय."

"झोपलेल्याला हलवून झोपलास का विचारणारी तूच एक डॉक्टर."

सिग्नेने बोटं काढली आणि थोड्या वेळाने परत ठेवली.

ती लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर होती, आणि सरोवराच्या या किनाऱ्यावर तिच्यासारखी दुसरी नव्हती. डॉक्टरांच्या बोर्डाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर दर तीन महिन्यांनी घरी बसून थोडे थोडे प्रश्न सोडवावे लागत. टिल्डा झाली, नवरा लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर कामाला गेला, आणि दूध-लंगोटाच्या धबडग्यात ते प्रश्न राहत गेले. आता एकच वाट उरली होती: केंद्रावर जाऊन आजची ही दिवसभराची मोठी परीक्षा. नापास झाली तर वर्षअखेरीस प्रमाणपत्र संपणार, मग रुग्णालय तिला मुलं तपासू देणार नाही. किनाऱ्यावरच्या आयांनी पोरं घेऊन लांबचं मिनियापोलिस गाठायचं.

अभ्यास झाला होता. भीती होती ती कानांची. बाळंतपणानंतर तिचे कान नको इतके तिखट झाले होते. तपासायची नळी लावली की प्रत्येक पोराच्या छातीत काहीतरी सरपटताना ऐकू येई. पूर्वी ऐकून "काही नाही, खेळू द्या" म्हणणारी सिग्ने आता सरसकट सगळ्यांना इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, पाठवी. टिल्डाचा इको सिग्नेच्या गुरूंनी स्वतः केला होता, तोही दोनदा. उत्तम होता. तरी सिग्ने रोज नळी घेऊन पाळण्याशी उभी.

केंद्रावरच्या बाईने तिचे खिसे उलटे करायला लावले, चष्मा उजेडात धरून पाहिला, कानांमागेही बघितलं.

"कानामागे काय लपवणार मी?"

"मला काय विचारता," बाई म्हणाली. "गेल्या वर्षी एकाने मोज्यात लपवलं होतं. तुमच्यासारखाच डॉक्टर."

आतली खोली राखाडी होती. खिडकी नव्हती, तरी धुकं आपल्यामागोमाग आत आलंय असं तिला वाटत राहिलं. प्रश्न येत गेले, ती सोडवत गेली. मग पडद्यावर एक नवा प्रश्न आला: चार वर्षांचं मूल, वाढ चांगली, दिवसभर हुंदडतं, तपासताना हृदयात जादा आवाज आढळला. आधी आडवं असतानाचा आवाज ऐका, मग बसल्यावरचा. पुढे काय कराल?

तिने कानांवर हेडफोन चढवले.

ठोक्यांच्या मधोमध एक सूर होता. लांबट, गोड, तार छेडून बोट उचलावं तसा. तिने परत ऐकला. परत. रात्रभराची जागी होती ती. पापण्या मिटल्या कधी ते कळलंच नाही.

पाणी भिंतीतून आत आलं, आवाज न करता. त्यावर तिच्या दवाखान्यातल्या खुर्च्या तरंगत होत्या आणि खुर्च्यांवर उघड्या छातीची पोरं रांगेत बसली होती. ती एकेकाशी वाकली. सगळी तोंड मिटून तोच सूर गुणगुणत होती. तिने विचारलं, "कुणाला दुखतंय का?" पोरं एकमेकांकडे बघून हसली. "तूच ऐकत नाहीस," एक म्हणालं. शेवटच्या खुर्चीवर लाल स्वेटर घातलेली बाई बसली होती, पाठमोरी, मांडीवर काही नसताना झुलणारी. ती भ्यालेली होती, तिच्या खांद्यांवरूनच कळत होतं. सिग्नेने जवळ जाऊन पाहिलं, तर ती स्वतःच.

"तुम्ही बाहेर बसा," सिग्ने तिला म्हणाली. आयांना म्हणायची तशीच, मऊपणाने. "इथे मला ऐकू येत नाही."

बाई उठून गेली.

डोळे उघडले तेव्हा माउसचा बाण 'इको करा'वर थांबला होता. नुसतं दाबायचं बाकी. तिने दुसरा आवाज लावला, बसल्यावरचा. सूर मंदावला होता, खोलीबाहेर जाणाऱ्या माणसाच्या बोलण्यासारखा. निरोगी पोरांच्या हृदयात असतो तसला सूर. तिला तो शिकाऊ असल्यापासून ठाऊक होता. बाण तिने शेवटच्या पर्यायावर नेला: काही करू नये, घरी पाठवावं. दाबलं. पडदा पुढे गेला. बरोबर की चूक, ते कोणी सांगितलं नाही.

परीक्षेच्या मधल्या सुट्टीत गाडीत बसून तिने टिल्डाला पाजलं. मार्लिसने लिंबाची वडी तिच्या तोंडात कोंबली.

"जमतंय का?"

"मधे झोप लागली."

"परीक्षेत? शाब्बास. तुझ्या नवऱ्याने अख्खी शाळा तशीच काढली." मार्लिसने पोरीला खांद्यावर घेतलं. "आता ही माझी. तू जा."

निकाल लागला तेव्हा बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडली होती. पास. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या लांबच्या ग्रँड मरे गावाहून एक कोळी आपल्या मुलाला घेऊन आला. शाळेच्या तपासणीत कोणीतरी त्याच्या हृदयात जादा आवाज ऐकला होता. सिग्नेने पोराला आडवं ऐकलं, बसवून ऐकलं. शेजारच्या खोलीत नर्सने सवयीने इकोचं यंत्र सुरू करून ठेवलं होतं.

"बंद कर ते," सिग्नेने दारातून सांगितलं आणि बापाकडे वळली. "काही नाही. हृदय चांगलं आहे."

"मशीन नाही लावणार?"

"नाही."

"मग एवढ्या लांब आलो कशाला आम्ही?"

"हेच ऐकायला."

त्याचा विश्वास बसला नसावा. पोराला त्याने घाईने शर्ट उलटा चढवला, आभार मानले आणि निघाला. संध्याकाळपर्यंत तिच्या मनात दोनदा आलं, फोन करून परत बोलवावं. तिने बोलावलं नाही.