हिरव्या रांगेतली पहिली गाडी

मी एक जुना लाकडी दांडा आहे, कस्टमच्या नाक्यावर आडवा पडलेला. मित्रांनो, रंधा मारताना सुतार मला म्हणाला होता, "एखाद्या दाराला लागला असतास, तर सुखात राहिला असतास." माझे नशीबच फुटके! एका टोकाला दगड बांधून मला रस्त्यावर आडवे केले. तेव्हापासून मी मालाच्या गाड्या अडवतो. साहेब लोक यालाच काम म्हणतात.

मग वरून सुधारणा आली. कागद संगणकावर आधीच तपासायचे आणि मंजूर गाड्या हिरव्या रांगेतून न थांबवता सोडायच्या. मला लाल-पांढरा रंग फासला, मोटर बसवली. मीही भुललो बरं का!

पहिली गाडी कोंबडीच्या पिल्लांची आली. गळ्यातले मोडून पोल्ट्री काढलेल्या एका बाईची ती पिल्ले. गाडी तिचा भाऊ चालवत होता, ती शेजारी बसली होती. खोक्यांतून नुसता चिवचिवाट चालला होता. मंजुरी सकाळीच मिळाली होती. मी उठणार, तोच नाक्याचे साहेब धावत आले.

"थांबा, थांबा! पहिली गाडी मोठ्या साहेबांच्या हस्ते सुटणार. उद्‌घाटन आहे."

"अहो, उन्हात पिल्लं मरतील! जुन्या रांगेतून तरी सोडा," बाई म्हणाली.

"ती आजपासून बंद. आणि ताई, पहिली गाडी तुमची. केवढा मान आहे!"

अहाहा, काय तो मान! मांडव होता, पण खुर्च्यांवर. गाडी उन्हात. मूर्खांनी बाईला सरबत मात्र आठवणीने पाठवले. तिने त्याला हातही लावला नाही.

दुपार टळल्यावर मोठे साहेब उगवले. फीत कापली, बटण दाबले, मी झटकन उठलो.

"बघा, गाडी क्षणभरसुद्धा थांबली नाही!" ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

गाडी पुढे जाऊन थांबली. बाईने मागचे दार उघडले. आत चिवचिवाट नव्हता. तिने एक खोके आणून मांडवातल्या टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवले.

"घ्या. सोडा आता यांना," ती म्हणाली.

मोठ्या साहेबांनी खोक्याकडे नाही, फोटोवाल्याकडे पाहिले. "हा घेऊ नकोस रे."

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. एवढी दया करा, मला इथून उपटा आणि त्या बाईच्या पोल्ट्रीच्या दाराला लावा. ती पुन्हा पिल्ले आणेल. अडवण्यातच माझा जन्म गेला. उरलेले दिवस निदान मांजरांना अडवीन.