आधीचा फोटो

पोत्याची गाठ सुटेना, तेव्हा मोठ्या सरांनी शिपाईमामांकडून कात्री मागवली आणि स्वतःच दोरी कापली. पोतं कलंडलं. कुजक्या पानांचा आणि ओल्या प्लास्टिकचा वास शाळेच्या मागच्या अंगणात पसरला. सातवीच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हा कचरा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दर शनिवारी ओढ्यात उतरून त्यांनीच तो वेचून वर आणला होता आणि न्यायला गाडी येत नाही म्हणून शेडमागे रचून ठेवला होता.

"चला, एकेक पोतं घ्या," सर म्हणाले. "काठाला नीट पसरा. थोडं पाण्यातही जाऊ दे. मुद्दाम टाकल्यासारखं दिसायला नको."

विज्ञानाच्या बाई मुलांच्या मागे उभ्या होत्या. शाळांच्या स्वच्छता स्पर्धेला फोटो दोन लागत होते, काम सुरू होण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, आणि आधीचा फोटो काढायचं बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या शनिवारी ओढा दिसताच मुलं जी आत घुसली, ती घुसलीच. आता तळाचे गोटे दिसत होते. त्या गोट्यांचे फोटो मात्र हवे तितके होते.

"बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत तुमची," सर सकाळी म्हणाले होते.

"सर, आहे तेच पाठवू. आधीचा काढायचा राहिला, असं खरं ते लिहू."

"खऱ्याला जाळी मिळत नाही, बाई."

जिंकणाऱ्या शाळेला ओढ्याच्या काठानं आणि पुलाच्या कठड्याला लोखंडी जाळी लावून मिळणार होती. जाळी नसेल, तर पुलावरून येणारे-जाणारे पिशव्या भिरकावत राहणार आणि मुलं जन्मभर उपसत राहणार, हे त्यांना कळत होतं. सरांचा राग येत होता, पण त्यांचं म्हणणं खोडताही येत नव्हतं, आणि त्याचाच राग जास्त होता.

मुलं पोती ओढत काठाशी गेली. एरवी हातमोजे कुणाला मिळणार यावरून हमरीतुमरी व्हायची. आज हातमोज्यांची कुणी आठवणही काढली नाही. पोती उपडी झाली. बाटल्या, चपला, बाहुलीचा एक पाय, मोडकी छत्री. सर मोबाइल डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकले.

"ती मुलगी कोण मध्ये?"

ती खारूताई होती. वर्गातली सगळ्यात बुटकी पोर. दिसेल ते उचलून पोत्यात भरायची, म्हणून मुलांनीच हे नाव ठेवलं होतं. सगळे पसरत असताना ही मात्र छत्री उचलून परत पोत्यात कोंबत होती.

"तिला बाजूला घ्या, बाई. फोटो खराब होतोय."

बाई खाली गेल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"ठेव ती. थोडाच वेळ. मग आपण सगळं परत उचलणारच आहोत."

"मग टाकायचं कशाला?"

"फोटोसाठी."

"ही मी गाळातून काढली होती, बाई. किती अडकली होती."

"माहितीये मला. ठेव."

खारूताईनं छत्री ठेवली. टाकली नाही, ठेवली. ती वर येताना पलीकडच्या काठावरच्या दुकानातलं शिलाई मशीन थांबल्याचं बाईंच्या लक्षात आलं. शिंपीकाका खिडकीत उभे राहून बघत होते.

या शिंपीकाकांच्या चिंध्या वर्षानुवर्षं त्याच खिडकीतून थेट ओढ्यात पडायच्या. खारूताई रोज शाळा सुटली की त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. आधी ते खेकसले, मग हसले, मग तिच्याकडे बघेनासे झाले. ती काही हटली नाही. शेवटी एक दिवस वैतागून त्यांनी मशीनशेजारी एक पोतं अडकवलं आणि म्हणाले, "घे बाई, झालं समाधान? आता घरी जा." कुठल्याही बक्षिसापेक्षा बाईंना त्या पोत्याचं जास्त अप्रूप होतं.

फोटो झाले. सर खूश झाले. मुलांनी सगळं पुन्हा गोळा केलं, पण घाईघाईनं, वरवर. एका मुलानं बाटली उचलण्याऐवजी लाथेनं पोत्याकडे ढकलली. बाईंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्याला बोलायचं कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेत शिरत होत्या, तर खारूताई मागच्या भिंतीशी त्यांची वाट बघत उभी होती. तिनं ओढ्याकडे बोट केलं.

पाण्यावर चिंध्या तरंगत होत्या. लाल, निळ्या, चौकड्यांच्या. काही गोट्यांना गुंडाळल्या होत्या.

बाई तरातरा पूल ओलांडून दुकानापाशी गेल्या. खारूताई त्यांच्या मागोमाग.

"काका, चिंध्या पाण्यात?"

शिंपीकाकांनी तोंडातली टाचणी काढली. "का? काल तर तुमचीच मुलं टाकत होती. खुद्द हेडमास्तर उभे होते. म्हटलं, कमी पडत असेल, आपलाही हातभार."

"ते फक्त फोटोपुरतं होतं."

"असं होय? मग आज फोटो नाही वाटतं." त्यांच्या आवाजात टोमणा आहे की नाही, ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "मला काय कळतंय त्यातलं. कधी टाकायचं आणि कधी नाही, ते तुम्ही आदल्या दिवशी सांगत जा." मशीन पुन्हा सुरू झालं. शेजारच्या खिळ्यावर पोतं नव्हतं.

बाई परत आल्या. भिंतीशी पर्स टेकवली, चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या. पाणी गार होतं. चिंध्या भिजून जड झाल्या होत्या आणि हाताला बुळबुळीत लागत होत्या. चार-पाच काढून त्यांनी काठावर टाकल्या आणि मग मान वर केली.

खारूताई अजून वरच होती. दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"ये ना गं," बाई म्हणाल्या.

ती हलली नाही. वाहत चाललेल्या चिंध्यांकडे बघत तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

"बाई, हे आधीचं आहे की नंतरचं?"