ग्यानबाची हाक

तालुक्याच्या कोर्टाला आधुनिक करायला सव्वा कोटींचा निधी आला, तेव्हा ग्यानबा शिपाई अजून जिवंत होता. छत्तीस वर्षं त्याने दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. आवाज असा, की बसस्टँडवरचा माणूस हातातला चहा टाकून धावत सुटे. मार्चच्या आत निधी संपवायचा, म्हणून कंपनीच्या माणसांनी त्याला दोन दिवस खोलीत बसवून त्याचा आवाज यंत्रात भरून घेतला. तिसऱ्या दिवशी ग्यानबा गेला. यंत्र भिंतीवर चढलं ते नेमकं त्याच्या तेराव्याला.

इंझोरीच्या गोमतीबाईला हे कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन टेकल्यावर कळलं. तिच्या वावराकडे जाणारी पांदण दिराने, पुंजाजीने, काटे टाकून बंद केली होती. तूर कापायला आलेली, आणि बैलगाडी जायला वाट नाही. मागच्या दोन तारखांना ती तापाने पडून होती.

"काकू, आज गैरहजर पडल्या तर दावा खारीज," जुनैद वकील म्हणाला. "नाव आलं की भिंतीवरच्या त्या जाळीत ओ द्या. त्याबिगर दार उघडत नाही. अन् मशीन दोनदाच पुकारते."

"अन् तिसरी हाक?"

"तिसरीले निधी पुरला नाही," म्हणत तो हसत वकिलांच्या दाराने आत गेला.

इंझोरीत शेंबडं पोरही जाणतं : हाक मारणारा दिसत नसेल, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. मेलेला माणूस दोनदाच बोलावतो. ओ दिली, की सोबत घेऊन जातो.

भिंत खाकरली. अगदी ग्यानबासारखी.

"मदनसिंग, हाजिर होऽऽ!"

बाकावर शेजारीच बसलेला मदनसिंग पांढराफटक पडला.

"देनं ओ, भाऊ!" गोमतीबाई कुजबुजली.

"तूच दे, बाई. माह्या घरी लेकरं हायेत."

दुसरी हाक झाली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : गैरहजर. त्याच्यामागून आणखी चार जण तसेच गैरहजर पडले. बाक भरलेला, आणि कोर्टाच्या लेखी व्हरांड्यात चिटपाखरू नाही.

समोर पुंजाजी तंबाखूचा खर्रा चोळत बसला होता. "द्या बरं ओ, वहिनी. ग्यानबा वाट पाहून राह्यला."

"गोमतीबाई, हाजिर होऽऽ!"

तिने बाकाची कड घट्ट धरली. डोळ्यांपुढे वाळून फुटणाऱ्या तुरीच्या शेंगा आल्या.

"गोमतीबाई, हाजिर होऽऽ!"

"ओऽऽ!"

दार उघडलं. साहेबांनी साक्ष लिहून घेतली आणि पांदण मोकळी करायचा हुकूम दिला. तो छातीशी धरून ती बाहेर आली, तर पुंजाजीचा हात खर्ऱ्यावरच थांबला होता. सारा व्हरांडा उठून भिंतीला चिकटला होता.

"चाल, गोमतीबाई," जाळीतून हलका आवाज आला.

तिच्यामागून आलेल्या जुनैदने धावत जाऊन यंत्राची वायर ओढली. ती बोर्डातून आधीच निघालेली होती.

"काकू, मशीन तं बंद हाय..."

गोमतीबाईने पदर खोचला. "थांब जरासा, ग्यानबा. तूर घरी येऊ दे. मंग येतो."

जुन्या फाइलींची पानं उलटावीत तसं भिंतीत काही सळसळलं.

"आठ दिवसांची तारीख," ग्यानबा म्हणाला. "हाजिर राह्यजो."