बुशीच्या गाठीचं माप

दिनांक ७ सप्टेंबर २०२५, रविवार. आभाळ भरलेलं, सकाळी भुरभुर, दहानंतर उघडीप.

मी व्हर्नियर बोलतोय, बारीक मापं घेणारा. पोलादाचा, वीतभर लांबीचा, दोन जबड्यांचा. शाळेत प्रयोगाच्या तासाला तुम्ही माझ्या एखाद्या जातभाईला हातात धरलं असेल आणि परीक्षा संपल्यावर विसरलाही असाल. त्या रविवारी सात वर्षांनी माझी पेटी उघडली आणि जन्मात पहिल्यांदा मला लोखंड सोडून जिवंत अंगाला लावलं. शिवऱ्याच्या हनुमंतच्या, लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या ओसरीवर, एका म्हाताऱ्या मांजरीच्या मानेमागच्या गाठीला.

आधी माझं थोडं सांगतो.

पुण्यातल्या एका हत्यारांच्या दुकानातून १९९२ साली हनुमंतने मला आणलं. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. शिवऱ्याला हायवेच्या कडेला ज्ञानू मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. तिथे एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि कायम तेलकट असलेली जमीन. भातगिरणीचे रोलर, पंपाचे शाफ्ट, ट्रकच्या आसावर बसणारे नळीसारखे बुश असं काय काय तिथे घडायचं. चालत्या लेथवर लोखंड गार ठेवणारं दुधाळ पाणी सांडायचं, त्याचा वास माझ्या पेटीच्या मखमलीला आजही आहे.

ज्ञानू मिस्त्री तोंडाने तिखट. "हनम्या, मापाला घाई न्हाई. कीस पुसल्याबिगर, जॉब गार झाल्याबिगर व्हर्नियर लावलास तर बोटं मोडीन तुजी." हनुमंतने ते मनावर घेतलं. जॉबवरचा, म्हणजे घडवायच्या तुकड्यावरचा, लोखंडाचा कीस फडक्याने पुसायचा, मला पुसायचा, मगच जबडे टेकवायचा. एक निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवायचा. तारीख, हवा, गिऱ्हाइकाचं गाव आणि माप. हवा कशाला लिहितोस, असं मिस्त्री विचारायचे. तो म्हणायचा, "उन्हाळ्यात लोखंड जरा फुगतं, मिस्त्री."

माणसं माप वाचताना श्वास रोखतात, हे मी त्या शेडमध्ये पाहिलं. आणखी एक पाहिलं. आकडा आवडला नाही तर माणूस पुन्हा मोजतो. आवडला तर लगेच लिहून टाकतो.

२००९ च्या आषाढात एक मांजरी बुशांच्या खोक्यात व्याली. तिची दोन पिल्लं गेली, एक राहिलं. करड्या रंगाचं, दाट केसांचं. हनुमंतने त्या पिल्लाचं नाव बुशी ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या लाकडी पेटीवर झोपायची. लेथचा आवाज सुरू झाला की डोळा उघडायची आणि परत मिटायची. माझं वजन अडीचशे ग्रॅम, तिचं तेव्हा तेवढंही नसेल. ते दिवस आठवले की मला गंज चढल्यासारखं होतं, खरं सांगायचं तर.

मग मिस्त्री गेले. २०१८ साली रस्त्याच्या कामात शेड गेली. हनुमंत शिरवळच्या एका कारखान्यात लागला. तिथलं मशीन स्वतःच कापतं आणि स्वतःच मोजतं. मी कपाटात गेलो, हनुमंतच्या बायकोच्या, मंगलवहिनींच्या लुगड्यांच्या खाली. बुशीही घरी आली. कपाटाचं दार उघडं दिसलं की आत शिरून माझ्या पेटीला टेकून बसायची. लुगड्यांवर केस पडतात म्हणून वहिनी ओरडायच्या, पण हाकलायच्या नाहीत.

गेल्या श्रावणात वहिनी तिचं अंग विंचरत होत्या तेव्हा त्यांच्या बोटांना गाठ लागली. दुसऱ्याच दिवशी दोघं तिला टोपलीत घालून एसटीने कात्रजच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी गाठीवरचे केस वस्तऱ्याने काढले, सुई घातली, काचेवर थेंब घेतला. त्यांनी सांगितलेलं हनुमंतने वहीत शब्दशः उतरवलं.

"ही चरबीची साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. कापलीच पाहिजे असं नाही. हिचं वय सोळा, मूत्रपिंडं थकलेली. भूल दिली तर ती उठेलच, असं मी सांगू शकत नाही. गाठीला काही लावू नका, काही बांधू नका, दाबू नका. पाणी भरपूर पाजा, नखं कापत जा. दर महिन्याला मोजा. तीस मिलिमीटरच्या पुढे गेली तर मात्र धोका पत्करून कापावी लागेल."

"मापाची काळजी सोडा, बाई," हनुमंत म्हणाला. "त्ये माझ्याकडं लागलं."

म्हणून मी कपाटातून बाहेर आलो. सात सप्टेंबरला त्याने मला रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, मग साबणाने, मग कोमट पाण्याने. वहिनींनी बुशीला मांडीवर घेतलं. वस्तऱ्याने उघड्या पडलेल्या कातडीवर माझे जबडे नुसते टेकले. बावीस पूर्णांक चार.

"लोखंड न्हाई ते," वहिनी म्हणाल्या. "पॉइंट कशाला पायजे?"

"पॉइंटशिवाय माप म्हंजे अंदाज."

घरात पाण्याच्या तीन वाट्या ठेवल्या गेल्या. चुलीपाशी, ओसरीवर, कपाटापाशी. शेजारपाजारचे उपाय आले. कोणी चुना सांगितला, कोणी बिब्बा, कोणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायला सांगितला. वहिनींचं मन एकदा केसावर गेलंही होतं. हनुमंतने वही उघडून बाईंचं वाक्य वाचून दाखवलं. त्यावर त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण केसही आणला नाही.

पाच ऑक्टोबर, तेवीस पूर्णांक सहा. दोन नोव्हेंबर, पंचवीस पूर्णांक दोन. सात डिसेंबर, सत्तावीस.

ऑक्टोबरपासून मला काहीतरी मऊ लागत होतं. वस्तऱ्याची जागा भरून येत होती. थंडी वाढली तशी खाली दुसरी, कापसासारखी लव आली. दाबायचं नाही म्हणून हनुमंत जबडे अलगद टेकवायचा आणि ते केसांवरच थांबायचे. मला कळत होतं. पण मला आकडा दाखवता येतो, बोलता येत नाही. ज्या माणसाने कीस न पुसता आयुष्यात एकही शाफ्ट मोजला नाही, त्याला मांजरीच्या अंगावरचा कीस दिसला नाही. माया असली की असं होत असेल.

चार जानेवारीला अठ्ठावीस पूर्णांक सहा आलं. त्याने तीनदा मोजलं, तीनदा तेच. वहिनींनी बुशीला मांडीवरून उतरवलंच नाही.

"पुढल्या महिन्यात तीस व्हणार," हनुमंत म्हणाला. "मग मोठी जखम. त्यापेक्षा आत्ता, अंगात जोर हाय तवर."

"आन उठली न्हाई तर?"

तो उठून अंगणात गेला. फोन करून शुक्रवार, नऊ जानेवारीची वेळ घेतली. वहिनींनी टोपलीत ठेवायला एक जुनं लुगडं धुऊन वाळत घातलं.

गुरुवारी दुपारी ठकुबाई आली. वेल्ह्याकडच्या वाडीतली मेंढपाळ, सत्तरीची. भात काढून झाल्यावर दरवर्षी तिची मेंढरं हनुमंतच्या वावरात बसतात, लेंडीखतासाठी. ती चहाला ओसरीवर टेकली. हनुमंत शेवटचं माप घेत होता.

"काय मोजतुयास रं, हनमंता?"

"गाठ, मावशे. उद्या कापायचीय."

"दावखान्यात?"

"व्हय. सहा मिलिमीटर वाढली चार महिन्यांत. लिवलंय वहीत."

ठकुबाईने बशी खाली ठेवली आणि बुशीच्या मानेत बोटं खुपसली. बराच वेळ चाचपत राहिली.

"तुजी वही ऱ्हाऊ दे. थंडीत मेंढरू बी दुप्पट दिसतंय. लोकर कातरल्याबिगर त्येचं आंग कळतं व्हय? तू गाठ मोजतुयास का केसं?"

हनुमंतने माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे.

"अवो," वहिनी हळूच म्हणाल्या, "पयल्यांदा मोजली तवा तितले केस बाईंनी काढले व्हते."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्ञानू मिस्त्री जिवंत असते तर बोटं मोडायला आले असते.

ठकुबाईची मोठी कातर मांजरीला चालण्यासारखी नव्हती. वहिनींनी शिवणाच्या डब्यातली छोटी काढली. ठकुबाईने बुशीला दोन्ही गुडघ्यांत धरलं.

"मेंढरागत दाबू नका, मावशी. म्हातारी हाय ती."

"म्या तरी कुठं तरणी हाय? आमी एकमेकीला वळखतो."

बुशी गुरगुरली, मग गप्प बसली. वहिनींनी एकेक बट कापली. कातडी दिसल्यावर हनुमंतने ओल्या फडक्याने जागा पुसली, मला पुसलं आणि जबडे टेकवले. ओसरीवर तिघांचाही श्वास थांबला.

बावीस पूर्णांक चार.

आवडलेला आकडा माणूस पुन्हा मोजत नाही, असं मी म्हणालो होतो. त्या दुपारी हनुमंतने तो पाच वेळा मोजला. मग अंगणात जाऊन बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "उद्या येऊ नका. इथून पुढे केस काढूनच मोजा." तो परत आला तेव्हा वहिनींनी वाळलेलं लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं होतं आणि ठकुबाईसाठी चहाचं आधण दुसऱ्यांदा चढवलं होतं.

वहीतल्या चार आकड्यांवर हनुमंतने रेघ मारली नाही. शेजारी फक्त लिहिलं, 'केसांसकट'.

आता माझी पेटी कपाटात नसते. ती फळीवर असते, बुशीच्या मूत्रपिंडांच्या औषधाच्या बाटलीशेजारी, आणि माझ्याबरोबर ती छोटी कातरही असते. लेथचा आवाज नाही, दुधाळ पाणी नाही, पण महिन्यातून एकदा तोच अंगठा माझ्या सरकपट्टीवर येतो. मला एवढं पुरतं. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद गंजत पडला असेल तर त्याला एकदा तेलाचा हात लावा. आणि काहीही मोजायच्या आधी ती जागा पुसून घ्या. येतो मी.

रविवार, १ फेब्रुवारी २०२६, केस कापून : २२.४ मिलिमीटर. रविवार, १ मार्च : २२.४. रविवार, ५ एप्रिल : २२.६. शस्त्रक्रिया केली नाही. मांजरीचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम.