जाऊन येते

आमच्या काळाचौकीच्या घरात कुणी 'जातो' म्हणत नाही. एकदा अप्पा, म्हणजे माझे वडील, रागाच्या भरात "जातो मी गिरणीत" म्हणून बाहेर पडले. आईने त्यांना अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडलं. भोंगा चुकला तो चुकलाच. जातो म्हणणाऱ्याचा भरवसा नाही, येतो म्हणणारा परत येतोच, असं तिचं साधं म्हणणं. मी 'येते' म्हटलं की ती आतून म्हणायची, "ये, सावकाश ये."

तिची ही शिकवण आगीच्या ट्रेनिंगमध्ये मला आडवी येईल असं वाटलं नव्हतं.

परळच्या एका टॉवरमध्ये मी एकोणीस वर्षं हाउसकीपिंगला आहे. यंदा सुपरवायझरची जागा निघाली. आजवरचे निम्मे सुपरवायझर मलाच विचारून काम करायचे, तेव्हा ती जागा माझीच, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. पण ऑफिसने अट घातली, आगीचं ऑनलाइन ट्रेनिंग पास व्हायचं. संधी तीन. डोळ्यांवर एक डबा बांधतात आणि त्यात आपलाच अकरावा मजला दिसतो, पेटलेला. हाका मारून माणसं गोळा करायची, लिफ्टच्या वाटेला जायचं नाही, सगळ्यांना जिन्याच्या दाराशी आणून 'बाहेर जाते' असं बोलायचं. मशीनला मराठी कळतं. पाच मिनिटांत दार उघडलं की पास.

पहिल्या खेपेला धूर दिसताच मी हात झटकला, तो शेजारी उभ्या दीपकच्या नाकावर बसला. दीपक आमच्या ऑफिसातला मुलगा, मशीन सांभाळायला नेमलेला. बाकी सगळं मी चोख केलं. दाराशी आले आणि सवयीने म्हटलं, "येते हां." मशीनला वाटलं, बाई आत येतेय. त्याने मला परत पेटत्या पँट्रीत नेऊन सोडलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तेव्हा लॅपटॉपवरून शिकवणारी पुण्याची मेघना हसू दाबत म्हणाली, "ताई, तुम्ही 'येते' म्हणताय. 'जाते' म्हणा."

"तसं म्हणत नाहीत."

"अहो, आग खोटी आहे."

"आग खोटी असेल, जीभ माझी खरी आहे."

"मावशी, एकदा बोलून टाक ना," दीपक नाक चोळत म्हणाला. "तिकडे फक्त मशीन ऐकतंय. चान्स एकच उरलाय."

घरी मोरीपाशी उभी राहून मी सराव केला. 'जा'पर्यंत यायचं आणि तोंड मिटायचं. माझाच मला राग आला. एका शब्दापायी हातातोंडाशी आलेला घास घालवायचा, ही कसली अक्कल?

गुरुवारी तिसरी खेप. धुरात एक वॉचमन खुर्ची सोडायला तयार नव्हता. "उठा हो, खुर्ची काय कडेवर घेऊन जायचीय?" म्हणत त्यालाही आणला. सगळी माणसं माझ्या मागे, समोर दार, वीस सेकंद उरलेली. मी तोंड उघडलं. "जा..." आणि अडकले. पंधरा सेकंद. दहा. एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली, आईही दिसली. आणि रोज उंबरठ्यावर निघतं तेच तोंडातून निघून गेलं.

"जाऊन येते."

घड्याळात तीन सेकंद उरली. मग दार उघडलं.

दीपकने टेबलावर थाप मारली. मेघना म्हणाली, "ताई, त्याने तुमचं नुसतं 'जाऊन' पकडलं. हे आमच्या यादीतच नव्हतं."

"मग घाला," मी म्हटलं. "नाहीतर माझ्या सगळ्या बायका आतच जळतील."

महिन्याभराने सुधारलेलं मशीन आलं. आता सुपरवायझर मी, तेव्हा पहिली चाचणी माझी. दाराशी पोचले आणि मुद्दाम म्हटलं, "येते."

दार लगेच उघडलं. आणि कानात मेघनाचाच आवाज आला, "या, सावकाश या."

आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी डबा काढला नाही, तशीच उभी राहिले.

"मावशी, काय झालं?" दीपकने विचारलं.

"काचांवर वाफ आलीय रे," मी म्हटलं. "फडकं दे."