अप्पांनी बांधलेल्या वायरी

सकाळी कॉम्प्युटरमधून ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी हे अप्पांनी लेकीला लहानपणी ठेवलेलं नाव. एका जागी बसेल तर शपथ. मोठी होऊन मात्र तिने कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावण्याचं, म्हणजे दिवसभर बसूनच करायचं काम पत्करलं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाची दुरुस्त केलेली पानं त्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये होती. दुसरीकडे प्रत नव्हती आणि संध्याकाळी पानं छापखान्याला पाठवायची होती.

अप्पांनी नुसत्या वासावरून निदान केलं. “पॉवर सप्लाय गेलाय. डिस्क शाबूत असणार. रडू नकोस.”

“मी कुठे रडतेय?” भिंगरी नाक पुसत म्हणाली आणि नवा सप्लाय आणायला पळाली.

अप्पांनी जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले होते. दुकान बंद केलं, तोरा तेवढा चालू ठेवला. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा बाणा. त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर एकदा उलटा फिरायला लागला, तेव्हाही चूक मिक्सरचीच निघाली होती.

ती परत येईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडून जुन्या सप्लायचा डबा सोडवलाही होता. त्याला प्लगने जोडलेल्या वायरी मात्र आत तशाच ठेवल्या होत्या. बापलेकीने हा कॉम्प्युटर जोडला, तेव्हा अप्पांनी या वायरी मेणाच्या दोऱ्याने एकसारख्या गाठी मारून बांधल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला झाकण काढून दाखवाव्यात इतक्या देखण्या, आणि अप्पा दाखवायचेही.

“वायरी याच राहू दे,” ते म्हणाले. “डबा तेवढा बदलू. हे बघ, प्लग कसा चपखल बसतोय.”

भिंगरीने त्यांचं मनगट धरलं. “थांबा, अप्पा.”

“काय झालं?”

“नव्या डब्याला त्याच्याबरोबर आलेल्याच वायरी लावायच्या. जुन्या बसतात, पण डब्यातून कुठल्या पिनेला किती व्होल्ट येतात, ते डब्यागणिक वेगळं असू शकतं.”

“आता तू मला शिकवणार?”

“हो.”

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या आईचा हात थांबला. अप्पांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण लेक काही मागे हटेना. तिने मीटर उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. “पटत नसेल तर मोजा.”

नवा डबा टेबलावर घेतला. त्याला जुनी वायर जोडली, तिचं डिस्ककडचं टोक सोडवून मोकळं ठेवलं. भिंगरीने वायरीच्या तुकड्याने दोन पिना जोडून डबा चालू केला, पंखा घरघरला. अप्पांनी चष्मा सारखा केला आणि मीटरचं बारीक टोक पिनेला लावलं. जिथे डिस्कला पाच व्होल्ट मिळायचे, तिथे बारा होते. त्यांनी पुन्हा टोक लावलं. मग मीटरला एक चापट मारली. मग कपाटातून दुसरं मीटर काढलं. त्यानेही बाराच दाखवले. नवी वायर लावली, तर बरोबर पाच.

अप्पा मटकन खुर्चीत बसले. लेकीची कित्येक महिन्यांची मेहनत एका क्षणात जळून गेली असती, तीही त्यांच्या हाताने. त्यांची पाचावर धारण बसली. आणि मग, त्या भीतीच्या मागोमाग, ऊर भरून आला. त्यांना माहीत नव्हतं ते पोरीला माहीत होतं. नुसतं माहीत होतं असंही नाही, बापाच्या तोऱ्यासमोर ती ते ठामपणे बोलली होती. दुकानातल्या एकाही माणसाला हे कधी जमलं नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. भिंगरी हातात कात्री घेऊन उभी होती. जुन्या वायरी काढायच्या तर अप्पांनी बांधलेला दोरा कापावा लागणार होता, आणि त्यांना विचारल्याशिवाय तिला तो कापवत नव्हता.

“काप गं,” अप्पा म्हणाले. “बिनधास्त काप.”

पुढचं सगळं तिने केलं. अप्पांनी उजेडासाठी बॅटरी धरली आणि मूग गिळून बसले, जे त्यांना डबा बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. बटण दाबलं, पडदा उजळला, शेवटचं पान उघडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पानं वेळेच्या आधी छापखान्याला गेली.

आईने चहा आणला तेव्हा अप्पा फोनवर होते. पलीकडे त्यांचा दुकानातला जुना भागीदार होता.

“अरे, ऐक तर! आज मी पोरीची डिस्क जाळणारच होतो. हो, मीच! चूक शंभर टक्के माझी. पण तिने माझा हात धरला. माझा हात! तुझी झाली होती का रे कधी हिंमत?”

पोट धरून हसत त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दुसऱ्या मित्राला लावला.