मधोमध ठेवलेली खुर्ची

गाणं तयार झालं, की लोकांपर्यंत जाण्याआधी त्यावरून शेवटचा हात ताईचा फिरतो. कुठला आवाज चढलाय, कुठला दबलाय, हे ती कानांनी तोलते आणि सारखं करते. या कामाला मास्टरिंग म्हणतात. त्याला चांगले कान लागतात आणि चांगली खोली लागते. ताईची खोली घरातलीच, लहानशी. भिंतींवरून आवाज उसळू नये म्हणून तिथे कापडात गुंडाळलेल्या जाड लोकरीच्या पाट्या बसवायच्या होत्या. ते काम तिच्या धाकट्या भावाकडे, बारक्याकडे होतं. बारक्या सुतार. अंगाने दाराएवढा, पण लहानपणी नाव पडलं ते पडलं.

भिंती मोजायला मोकळ्या हव्यात, म्हणून त्याने टेबल, खुर्ची आणि स्पीकर ओढून खोलीच्या मधोमध आणले होते. काम अडायला नको म्हणून ताई तिथेच बसून ऐकत होती.

त्या सकाळी तिने तपासणीसाठी खर्जातला एक सूर लावला. स्पीकरचा पडदा थरथरताना दिसत होता. ऐकू मात्र येत नव्हतं.

तिने आवाज वाढवला. तरी तेच. बाबांचे कान असेच गेले होते, साधारण याच वयात. आधी त्यांना फ्रीजची घरघर ऐकू येईनाशी झाली, मग हळूहळू माणसांची बोलणीही. ताईने सूर बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजला कान लावला. नळ टपटपत होता, ते ऐकू आलं. घरघर नव्हती.

ती परत येऊन खुर्चीत बसली. बारक्या बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवू लागला. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज उसळून कानावर येतो; पाटी तिथेच लावायची.

"दिसला का?"

ताई आरशाकडे बघतच नव्हती.

"ताई, आरसा धरून धरून म्हातारा होईन मी! दिसला का?"

त्याने वळून पाहिलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता.

"बारक्या, मला खर्ज ऐकू येत नाहीये. बाबांसारखंच."

"काहीतरीच काय! ऊठ, मी बसतो. लाव बघू."

ताईने खुर्चीला टेकून उभं राहत तोच सूर लावला. बारक्या मान तिरकी करून ऐकू लागला.

"लावलास ना?"

"लावलाय रे."

त्याचा चेष्टेचा सूर गेला. बाप दोघांचा एकच होता. "म्हणजे माझेही?" असं पुटपुटत तो उठला आणि मागे सरत गेला, ते पाठ भिंतीला लागेपर्यंत.

"ताई! इकडे ये. आधी इकडे ये!"

भिंतीपाशी सूर घुमत होता. कोपऱ्यात तर छाती हादरत होती.

परातीत पाणी घेऊन ती हलवून पाहा. दोन्ही कडांना पाणी वरखाली होतं, मधोमध जवळपास स्थिर राहतं. लहान खोलीत खर्जाचंही तसंच होतं. ताईला हे ठाऊक होतं, इतरांना तिनेच शिकवलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला आपलंच शहाणपण आठवत नाही.

दोघांनी टेबल पुढे ढकललं. खुर्ची मधून हलली, आणि सूर ऐकू आला.

"कोपऱ्यांत मी तुझ्यासाठी कपाटं करणार होतो."

"कपाटं नकोत, खर्ज तिथेच साठतो. जमिनीपासून छतापर्यंत लोकर भर."

बोलताना ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

"आता काय झालं?"

"बारक्या, मघाशी फ्रीजही ऐकू आला नाही मला."

बारक्याने जीभ चावली. "अगं, ड्रिल लावायला जागा हवी होती. फ्रीजचा प्लग मीच काढलाय. दूध नासलं तर मला बोलू नकोस."

ताई हसली नाही. ती त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेली. त्याने प्लग लावला. तिचा तळहात फ्रीजकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. हाताला कळून उपयोग नव्हता. डोळे मिटून ती नुसती उभी राहिली.

खट्‌ झालं. मग घरघर सुरू झाली.